पैसे मोजले, हाती काय आले? व्हिडिओ गेम उद्योगातील वादग्रस्त प्रथांचा आढावा

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुतेक वेळा व्यसन किंवा जुगार या दोन मुद्द्यांपाशी येऊन थांबते. मुलगा पुस्तक बाजूला सारून मोबाइल घेऊन बसतो, ही घरातली तक्रार. ऑनलाइन पैसे लावून कोणी कर्जात बुडाला, ही वर्तमानपत्रातली बातमी. दोन्ही गोष्टी गंभीर आहेत आणि त्यांवर बरेच लिहिलेही गेले आहे. पण आवडीने गेम खेळणारी माणसे ज्या गोष्टींनी त्रासली आहेत, त्या निराळ्या आहेत. काय मिळणार हे न सांगता विकलेल्या वस्तू, अर्धवट अवस्थेत बाजारात आणलेले गेम, विकत घेऊनही एका सकाळी बंद पडणारे गेम आणि या सगळ्यामागे राबून शेवटी नोकरी गमावणारे कारागीर, अशा या तक्रारी आहेत. या प्रथा बंद व्हाव्यात, अशी मागणी जगभर जोर धरते आहे.

पुण्याला हा विषय दोन्ही बाजूंनी भिडतो. इथे खेळणारे आहेत, तसे गेम बनवणारेही आहेत. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ विकत घेतला. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० मध्ये जगभर पोहोचलेला गेम नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओचा. ‘मास्कगन’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हे गेम सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीचे. म्हणूनच या वादात कोण काय म्हणते, काय ठरले आहे आणि काय अधांतरी आहे, हे पुण्यातून पाहणे उपयोगाचे ठरते.

कॅसेटपासून टॉप-अपपर्यंत

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. बहुधा ती जपानी यंत्राची स्वस्त नक्कल असे. कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. कॅसेटच्या वेष्टनावर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत तेच मोजके गेम नावे बदलून पुन्हापुन्हा येत. तेव्हा फसवणूक नव्हती असे नाही, पण ती एकदाच होई. कॅसेट घेतली की व्यवहार संपला. ती मित्राला देता येई, विकता येई, भाड्यानेही मिळे. पुढे सीडी आल्या, सायबर कॅफे आले. बाजारात नकली सीडींचा सुळसुळाट होता, आणि भारतात गेमसाठी पूर्ण किंमत मोजण्याची सवय लागली नाही याचे ते एक मोठे कारण मानले जाते.

व्यवहाराचे स्वरूप बदलले ते इंटरनेटने. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले. त्याने खेळात फारसा फरक पडत नव्हता, फक्त घोडा सजत होता. लोकांनी त्याची टर उडवली आणि विकतही घेतले. आधीच विकलेल्या गेमच्या आत दुसरे दुकान मांडता येते, हे त्यातून उद्योगाला कळले. मोबाइलने ते दुकान खिशात आणले. २०१५ च्या अखेरीस स्टीम या संगणक-गेमच्या दुकानात रुपयांत किमती दिसू लागल्या. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि २०१८ मध्ये आलेल्या पबजी मोबाइलने कॉलेजचे कट्टे भरून टाकले. गेम फुकट, आतल्या वस्तू विकत, हा व्यवहार आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी पाहिलेला पहिलाच व्यवहार आहे. टॉप-अप, यूसी, डायमंड, स्किन, क्रेट हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी सहज असतात. आईवडिलांना त्यांतले बरेचसे ठाऊक नसतात.

नशिबावर सोडलेली खरेदी

सर्वाधिक वाद आहे तो लूट बॉक्सचा, म्हणजे आत काय आहे हे न कळता विकत घ्यायच्या पेटीचा. ती कशी चालते हे जवळून पाहिल्याशिवाय वाद समजत नाही.

पहिली पायरी चलनाची. वस्तूची किंमत रुपयांत दिसत नाही, ती गेममधल्या नाण्यांत दिसते. समजा, पेटी ६० नाण्यांची आहे आणि नाणी मिळतात ५० किंवा १०० च्या गठ्ठ्यांत. खेळणारा १०० घेतो, ४० उरतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा गठ्ठा घेतला जातो. आपण एकूण किती रुपये खर्च केले, याचा हिशेब या अदलाबदलीत हरवतो. दुसरी पायरी पेटी उघडण्याची. पेटी हलते, फटीतून प्रकाश येतो, आवाज चढत जातो, दुर्मीळ वस्तू क्षणभर समोरून सरकते आणि भलत्याच सामान्य वस्तूवर चक्र थांबते. शेजारी ‘दहा एकदम उघडा’ असे बटण असते आणि वर सवलतीची मुदत सेकंदासेकंदाने सरत असते. प्रौढ माणसालाही इथे हात आवरणे कठीण जाते. समोर बारा वर्षांचे मूल असेल तर प्रश्न अधिकच टोकदार होतो.

यावर पहिला मोठा आघात जपानमध्ये झाला. २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने ‘कॉम्प गाचा’ या प्रकाराला मनाई केली. नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, असा तो प्रकार होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’वरून जगभर गदारोळ झाला. गेम पूर्ण किमतीला विकूनही त्यातली महत्त्वाची पात्रे मिळवायला एक तर अमाप तास घालवायचे किंवा पैसे मोजायचे, अशी रचना होती. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला प्रदर्शनाच्या तोंडावर आतली विक्री थांबवावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा पेट्या जुगार कायद्याच्या कक्षेत येतात असे ठरवले. नेदरलँड्समध्ये मात्र उलटे घडले. फुटबॉलच्या फिफा गेममधील पाकिटांसाठी झालेला एक कोटी युरोचा दंड तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केला. पाकिटे हा एका मोठ्या खेळाचा भाग आहेत, तो स्वतंत्र जुगार नव्हे, असा तो निर्णय होता. ब्रिटनने २०२२ मध्ये जुगार कायदा न बदलता उद्योगाला स्वतःचे नियम करायला सांगितले. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून अशा गेमसाठी वयाचे मानांकन वाढवले.

संशोधनाचे चित्रही एकपदरी नाही. झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक खेळाडूंचा अभ्यास केला. लूट बॉक्सवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या समस्येची लक्षणेही जास्त आढळतात, असा संबंध त्यात दिसला आणि पुढच्या अनेक अभ्यासांनीही तो नोंदवला. पेट्यांमुळे माणूस जुगाराकडे वळतो, की जुगाराकडे कल असलेलाच पेट्यांवर जास्त खर्च करतो, हे मात्र त्यातून ठरत नाही. दोन्ही शक्यतांत कमकुवत माणसाकडूनच जास्त पैसा येतो, हा मुद्दा बंदीची मागणी करणारे मांडतात आणि त्यात तथ्य आहे.

मधला मार्ग म्हणून शक्यता जाहीर करण्याचा नियम आला. चीनने २०१७ मध्ये तो केला, त्याच वर्षी अ‍ॅपलने आपल्या दुकानातील गेमसाठी तो बंधनकारक केला. आज बहुतेक गेममध्ये कुठे तरी आत, दोन-तीन पडदे ओलांडल्यावर टक्केवारी सापडते. खरेदीच्या बटणाशेजारी ती क्वचितच असते.

वयाच्या मानांकनातही विसंगती आहे. ‘बालाट्रो’ या पत्त्यांच्या गेममध्ये पैसे लावता येत नाहीत, आत काही विकतही नाही. तरी युरोपच्या पेगी संस्थेने त्याला १८ वर्षांवरील मानांकन दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलानंतर ते १२ वर आणले. त्याच काळात नशिबाची पाकिटे विकणारे फुटबॉलचे गेम तीन वर्षांवरील मुलांसाठी योग्य मानले जात होते.

अर्धवट गेम आणि घाईची घोषणा

दुसरी तक्रार दर्जाची. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो धड चालत नव्हता. सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. जून २०२१ मध्ये तो परतला. पुढे सातत्याने दुरुस्त्या होऊन आज तो नावाजला जातो. दोन्ही बाजू हेच उदाहरण देतात. उद्योग म्हणतो, इंटरनेटमुळे गेम नंतरही सुधारता येतो आणि आम्ही तो सुधारतो. खेळणारे म्हणतात, सुधारणा होईपर्यंत पूर्ण किंमत मोजलेला ग्राहक फुकटचा परीक्षक ठरतो, आणि सगळेच गेम पुढे सुधारले जातात असे नाही.

आगाऊ नोंदणीने ही अडचण वाढते. गेम कोणी पाहिलेला नसताना पैसे घेतले जातात, त्या बदल्यात एखादा पोशाख किंवा तीन दिवस आधी खेळण्याची मुभा मिळते. कन्सोलवरच्या मोठ्या गेमची भारतातली किंमत आज पाच हजार रुपयांच्या घरात आहे. महिन्याच्या खर्चात ही रक्कम जाणवणाऱ्या घरासाठी चुकीची खरेदी स्वस्त नसते. स्टीमने २०१५ पासून दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करण्याची सोय दिली आहे. कन्सोलच्या दुकानांत नियम बरेच कडक आहेत.

पुण्याच्या वाट्याला या प्रथेचा फटका वेगळ्या बाजूने आला. १० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. भारतीय स्टुडिओंनी जगातल्या इतक्या मोठ्या नावाची धुरा वाहावी, ही अभिमानाची गोष्ट होती. पण पहिली चित्रफीत पाहून जगभरातून चित्रणाच्या दर्जावर टीका झाली आणि त्या टीकेत भारतीयांच्या कुवतीवर शेरेही आले. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेम रद्द केल्याचे जाहीर केले.

यात नेमके कोणाचे काय चुकले, हे बाहेरून सांगता येत नाही आणि तसा निवाडा या लेखात करायचाही नाही. पण घोषणा कधी करायची, काय दाखवायचे, किती महिने द्यायचे, हे निर्णय सहसा मुख्यालयात होतात, आणि टीका झेलतात ती चित्रफितीखाली ज्यांच्या शहराचे नाव येते ती माणसे. घाईची घोषणा ही केवळ ग्राहकाची तक्रार नाही, ती बनवणाऱ्यांचीही आहे.

विकत घेतलेला गेम कोणाचा?

तिसरा वाद मालकीचा. ‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचा मोटारींच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. तो सतत इंटरनेटला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांनाही, एकट्याने खेळण्यापुरतासुद्धा, तो वापरता येईना. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. गेम कायम चालवत राहा, अशी तिची मागणी नाही. आधार काढून घेताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढेच ती म्हणते. युरोपीय महासंघातील तिच्या नागरिक-अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर चर्चा झाली.

उद्योगाचे उत्तर असे की, जुने सर्व्हर चालवणे किंवा खेळाडूंच्या हाती देणे खर्चिक आहे, सुरक्षेचे प्रश्न आहेत, आणि गाणी, मोटारींचे ब्रँड, खेळाडूंची नावे यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. शिवाय गेम विकला जातच नाही, वापरण्याचा परवाना दिला जातो, असे करारात लिहिलेले असते. मोहिमेतले लोक म्हणतात, दुकानात ‘खरेदी करा’ असे बटण ठेवायचे आणि करारात परवाना म्हणायचे, हे ग्राहकाला अंधारात ठेवणे आहे. कॅलिफोर्नियाने यावर मर्यादित तोडगा काढला. २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना तो परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते. स्टीमनेही खरेदीच्या पानावर तशी सूचना टाकली.

या वादाला जतनाचीही बाजू आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून उभे आहे. भारतीय गेमसाठी तशी व्यवस्था नाही. आपल्याकडचे सुरुवातीचे मोबाइल गेम ज्या फोनवर चालत ते फोनच आता मिळत नाहीत.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला. पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणांचा विचार सरकारनेच करायचा असतो. पण या घडामोडींत मुलांनी पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंचे काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. बीजीएमआयने पबजीतील वस्तू काही काळ हलवू दिल्या, हे कंपनीने स्वतः दिलेले होते; ग्राहकाचा तो हक्क म्हणून कुठे नोंदला गेलेला नाही.

बनवणाऱ्यांचे तास

चौथा प्रश्न कामगारांचा. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने ‘ईए स्पाउज’ या टोपणनावाने घरातल्या माणसाच्या अंतहीन कामाविषयी लिहिले आणि ‘क्रंच’ हा विषय चव्हाट्यावर आला. गेम प्रदर्शित होण्याआधीचे महिनोन्‌महिने रात्री-अपरात्री काम, सुट्ट्या रद्द, पुष्कळदा जादा मोबदल्याशिवाय. वीस वर्षांत त्यावर बरेच बोलले गेले, काही स्टुडिओंनी पद्धती बदलल्या, पण प्रथा संपलेली नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत जगभर दहा हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरना अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेणाऱ्या मायक्रोसॉफ्टने सुमारे तीन महिन्यांनी गेमिंग विभागातील १९०० जणांना काढले. ‘काँकॉर्ड’ हा सोनीचा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत बंद झाला. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण बनवणारा स्टुडिओच मिटला.

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाच्या तासांना आणि जादा कामाच्या मोबदल्याला चौकट दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. व्यवस्थापकीय पदावर असलेल्यांना हे संरक्षण लागू होत नाही, आणि सर्जनशील कामात कोणाला व्यवस्थापक म्हणायचे यावर खल होतो. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांसाठी नायटेस ही संघटना काम करते. गेम कलाकारांची वेगळी ताकदवान संघटना मात्र नाही. बाहेरच्या कंपन्यांसाठी चित्रे, पात्रे, तपासणी अशी कामे करणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत येतीलच याची खात्री नसते. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. अमेरिकेत आवाज देणाऱ्या कलाकारांनी याच मुद्द्यावर जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला.

उद्योगाची बाजू

उद्योगाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. मोठ्या गेमचा खर्च आज शेकडो कोटी रुपयांत जातो, आणि अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत मात्र २००५ च्या सुमारापासून २०२० पर्यंत ६० डॉलरवरच राहिली. बहुतेक गेम तोट्यात जातात आणि थोडे यशस्वी गेम सगळ्यांचा भार उचलतात. फुकट गेमच्या पद्धतीत थोडे लोक पैसे देतात आणि बाकीचे एकही रुपया न देता तोच गेम खेळतात. साध्या फोनवर खेळणाऱ्या गावाकडच्या मुलासाठी ही सोय लहान नाही. सजावटीच्याच वस्तू विकल्या तर पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ होता येत नाही, आणि अनेक भारतीय स्टुडिओ हाच मार्ग योग्य मानतात.

छोट्या स्टुडिओंची कोंडी वेगळी आहे. गेम डाउनलोड करण्यात भारत जगात आघाडीवर असला, तरी आधी पैसे मोजून गेम घेणारा ग्राहक थोडा आहे. मोबाइलच्या दुकानांचा हिस्सा पंधरा ते तीस टक्के जातो. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला प्ले स्टोअरच्या पैसेवसुलीच्या अटींसाठी ९३६ कोटींचा दंड केला, तो अपिलात पुढे बराच कमी झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम बनवण्याच्या साधनाच्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्काची घोषणा केली, तेव्हा जगभरचे छोटे स्टुडिओ हवालदिल झाले. वर्षभराने ते शुल्क मागे घेतले गेले. म्हणजे खेळणारा ज्या अनिश्चिततेची तक्रार करतो, ती छोटा निर्माताही वरच्या कंपन्यांकडून सोसत असतो.

‘राजी’ने दुसरी वाट धरली. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली, तरी तो गेम पुरा झाला. एकदाच किंमत, आत दुकान नाही. गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. तो लहान आहे अशी टीका झाली, पण फसवल्याची तक्रार झाली नाही. अशा गेमवर स्टुडिओ दीर्घकाळ तगू शकतो का, हे एका उदाहरणावरून ठरवता येत नाही.

आपला कायदा कुठे आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवण्यावर त्याने बंदी घातली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली, करमणुकीच्या गेमना मोकळीक मिळाली. कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाकडे गेली आहेत. इथे एक बारकावा आहे. कायद्यातील पणाच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी आणि वस्तूही येतात. मग पैसे देऊन पेटी उघडणे आणि दुर्मीळ वस्तू मिळवणे हे त्यात बसते का? ती वस्तू बाहेर विकता येत असेल तर? कायदा लूट बॉक्सचे नाव घेत नाही.

दुसरे साधन जास्त उपयोगी ठरू शकेल. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, लपवलेला खर्च, सभासदत्वाचा सापळा, वारंवार टोचणी अशा तेरा प्रकारांची त्यात यादी आहे. ती मुख्यतः खरेदीच्या संकेतस्थळांसंदर्भात चर्चिली गेली, पण गेमच्या दुकानातील उलटे घड्याळ या यादीत सहज बसू शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये याच स्वरूपाच्या आरोपांवरून आणि मुलांच्या खासगीपणाच्या मुद्द्यावर ‘फोर्टनाइट’च्या निर्मात्यांना एकूण ५२ कोटी डॉलर मोजावे लागले होते.

तिसरे, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई ठरवली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. चौथे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. परदेशी कंपनीचा गेम असला तरी पुण्याचा ग्राहक पुण्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. हा मार्ग गेमसाठी फारसा चोखाळला गेलेला नाही.

राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचे धोरण मंजूर केले. त्याविषयीची चर्चा गुंतवणूक आणि रोजगार यांवर झाली. ग्राहकाचे हक्क आणि कामाचे तास त्यात क्वचितच आले.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न, नशिबाची खरेदी जुगार मानायची की ग्राहकाची फसवणूक? जुगार मानली तर बंदी हाच उपाय उरतो. फसवणूक मानली तर किंमत रुपयांत, शक्यता बटणाशेजारी, अल्पवयीनांना विक्री नाही, असे उपाय शक्य होतात.

दुसरा, पालकांची जबाबदारी किती? अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात निरर्थक मानला जातो. पण फोन वडिलांचा, खाते आईचे आणि यूपीआयचा पिन मुलाला पाठ, अशा वेळी करार कोणी केला? परताव्याचे दावे इथेच अडकतात.

तिसरा, बंद होणाऱ्या गेमचा. एकट्याने खेळायच्या गेमला सर्व्हरची अट नको, यावर सहमती होणे सोपे आहे. शंभर जणांनी एकत्र खेळायच्या गेमचे काय करायचे, याचे तांत्रिकदृष्ट्या परवडणारे उत्तर अजून कोणाकडे नाही.

चौथा, या सुधारणांचा भार कोण उचलणार? प्रत्येक नवा नियम मोठी कंपनी वकिलांच्या फौजेने पेलते, पाच जणांचा स्टुडिओ त्याखाली दबतो. नियम उलाढालीनुसार असावेत का, यावर आपल्याकडे चर्चाच सुरू झालेली नाही.

सहमतीची जागा

मतभेद बरेच असले, तरी सगळ्या बाजू ऐकल्यावर थोडी समान भूमी दिसते. वस्तूची किंमत रुपयांत दाखवायला प्रामाणिक उद्योगाचा विरोध असण्याचे कारण नाही. शक्यता खरेदीच्या पडद्यावरच सांगता येते. गेमसाठी सर्व्हर लागतो का आणि तो किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे वेष्टनावर छापता येते. पैसे परत करण्याची एकसारखी मुदत ठरवता येते. श्रेयनामावलीत बाहेरून काम केलेल्यांची नावे घालायला खर्च येत नाही. यांतल्या कशासाठीही जुगाराचा वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही.

नशिबाची खरेदी, अर्धवट गेम, मालकी आणि कामाचे तास हे चारही प्रश्न व्यसन किंवा जुगार या नावाखाली ढकलले, तर बंदी होते किंवा दुर्लक्ष होते. वेगवेगळे पाहिले तर प्रत्येकाला स्वतःचा उपाय आहे आणि बरेचसे उपाय आजच्या कायद्यातच आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यातच सुरू केली, तेव्हा वजनमाप, भेसळ आणि छापील किंमत हे प्रश्न होते. आज त्याच शहरातल्या पंधरा वर्षांच्या ग्राहकाला पडद्यावरच्या दुकानात तेच प्रश्न पडले आहेत. ग्राहक चळवळ, पालक आणि इथले स्टुडिओ एकत्र बसले, तर किमान नियमांचा पहिला मसुदा पुण्यात तयार होऊ शकतो. त्यासाठी खेळणाऱ्याला आधी ग्राहक मानावे लागेल आणि बनवणाऱ्याला कामगार.